एक दाबलं की दोन उमटतात: मेकॅनिकल कीबोर्डचा दर उन्हाळ्यात परतणारा बिघाड

'काका' एवढा साधा शब्द टाइप करायचा असतो. पडद्यावर येतं 'काा'. दुसऱ्या कान्याला अक्षर सापडत नाही, म्हणून तो ठिपक्यांच्या गोलाला टेकून उभा राहतो. मागे जायचं, खोडायचं, परत लिहायचं. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत काना इंग्रजी ई च्या बटणावर आहे आणि मराठीत काना किती लागतो ते वेगळं सांगायला नको. मी जळगावात टायपिंग आणि डीटीपीचं काम करतो. विद्यापीठात सादर करायचे दोनशे-तीनशे पानांचे प्रबंध माझ्याकडे येतात. त्यात पानामागे चार-पाच वेळा असं झालं तर दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.

हा बिघाड माझ्याकडे सलग तीन उन्हाळे आला. दोनदा मी तो नीट झाला असं समजलो आणि दोन्ही वेळा तो परतला. तिसऱ्यांदा कारणापर्यंत गेलो. ज्यांच्याकडे वायरचा मेकॅनिकल कीबोर्ड आहे, मग तो गेमसाठी असो वा लिहिण्यासाठी, त्यांना हे कधी ना कधी भेटणारच आहे. त्यातून खानदेशात राहत असाल तर जरा लवकरच.

कीबोर्ड साधाच आहे. ब्राउन स्विचचा, वेणीदार वायरचा, खाली रंगीत दिवे असलेला. गेमिंग म्हणून विकतात तसा. दिवसा मी त्यावर लिहितो आणि सुट्टीत अमळनेरहून भाचा आला की रात्री तो त्यावर खेळतो. बिघाड आधी त्याच्याच लक्षात आला. 'मामा, एक दाबस तं दोन येतस!' असं तो ओरडला. शिवाय डब्ल्यू दाबून धरलं की त्याचा खेळाडू पळता पळता मध्येच अडखळायचा, जणू पायात काही आलं. लिहिताना जादा अक्षर येणं आणि खेळताना धाव तुटणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे.

आत काय चालतं

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. आज सर्रास दिसणाऱ्या स्विचची रचना जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणली. पेटंटची मुदत संपल्यावर केल्ह, गेटरॉन, आउटेमू अशा चिनी कंपन्या त्याच मापाचे स्विच बनवू लागल्या आणि म्हणूनच आज असे कीबोर्ड आपल्या खिशाला परवडतात. स्विचमध्ये एक स्प्रिंग, एक सरकणारा दांडा आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दांडा एकूण ४ मिलिमीटर खाली जातो आणि साधारण २ मिलिमीटरवर त्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. टेकल्या की अक्षर. चेरीच्या रेड स्विचला त्यासाठी ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, ब्राउनला ५५ च्या आसपास.

आता मुद्दा असा की धातूवर धातू टेकला की तो लगेच स्थिर होत नाही. फरशीवर गोटी टाकल्यावर ती टप टप टप उड्या मारून मग थांबते, तशा या पट्ट्या काही क्षण थरथरतात. चेरी आपल्या नव्या स्विचची ही थरथर ५ मिलिसेकंदांच्या आत असल्याचं सांगते. कीबोर्डमधल्या चिपला हे माहीत असतं, त्यामुळे तेवढा वेळ ती पुढच्या उड्यांकडे लक्ष देत नाही. याला डीबाउन्स म्हणतात. अनेक हौशी लोक वापरतात त्या क्यूएमके या खुल्या फर्मवेअरमध्येही (फर्मवेअर म्हणजे कीबोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) ही वेळ मुळात ५ मिलिसेकंदच धरलेली असते.

पट्ट्यांवर धूळ, क्षार किंवा ऑक्साइडचा थर बसला की थरथर लांबते. ५ च्या जागी १५, २०, ३० मिलिसेकंद. चिपला वाटतं, बोट उठलं आणि परत दाबलं. जादा अक्षर येतं ते असं. आणि बटण दाबून धरलेलं असताना हाताच्या हलक्या कंपनाने संपर्क क्षणभर तुटला, तर चिपला वाटतं बोट उठलं. भाच्याचा खेळाडू अडखळायचा तो यामुळे.

आधी खात्री करा

सगळ्यात पहिली चूक म्हणजे घाईने स्विच उपटणं. माझा पहिला संशय मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर होता आणि तो तपासणं सगळ्यात सोपं आहे. भाषा इंग्रजीवर करा आणि तेच बटण दाबा. इंग्रजीत एकच ई येत असेल आणि मराठीतच दोन काने पडत असतील, तर कीबोर्ड निर्दोष आहे, सॉफ्टवेअर बघा.

इंग्रजीतही दोन येत असतील तर नोटपॅड उघडा, वर्ड रॅप बंद करा, खालची स्टेटस पट्टी चालू ठेवा. आता संशयित बटण सावकाश, मोजून १०० वेळा दाबा. एकेक दाब पूर्ण, बोट पूर्ण वर. शेवटी पट्टीवर कॉलम १०१ दिसला तर बटण ठीक आहे. माझ्या ई ला त्या दिवशी ११४ आला. म्हणजे शंभरात तेरा जादा. हा आकडा लिहून ठेवा, कारण दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे 'बरं वाटतंय' या भरवशावर ठरवता येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी तेच केलं होतं.

कीबोर्ड तपासणाऱ्या वेबसाइटवर दोन दाबांतलं अंतर मिलिसेकंदात दिसतं. एका बोटाने एकच बटण सेकंदाला दहा वेळा दाबणं बहुतेकांना जमत नाही, म्हणजे दोन ठोक्यांत निदान १०० मिलिसेकंद जातात. तिथे २०-३० दिसत असतील तर ते बोट तुमचं नाही. आणि एकदा दाबल्यावर दोन नव्हे तर दहा-पंधरा अक्षरांची रांगच लागत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. बटण खाली अडकलंय, कीकॅप (बटणाची वरची टोपी) किंवा दांडा घासतोय. त्याला कीकॅप काढून आतला कचरा साफ करणं पुरतं.

मग कीबोर्ड ओटीजीच्या पिनने मोबाइलला लावा. अँड्रॉइड फोनला वायरचा कीबोर्ड सहसा लगेच चालतो. नोट्स उघडून तीच शंभराची मोजणी करा. फोनवरही दुहेरी अक्षरं आली तर कॉम्प्युटर, विंडोज, पोर्ट, सगळे सुटले. दोष कीबोर्डात आहे. वीज गेलेली असली तरी ही तपासणी होते. हे मला पहिल्या वर्षी सुचलं असतं तर विंडोज नव्याने टाकण्यात गेलेला रविवार वाचला असता.

स्विच की बोर्ड?

तुमचा कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल, म्हणजे स्विच सोल्डरचा डाग न काढता उपटता येत असेल, तर हे पाच मिनिटांचं काम आहे. वायर काढा. कीकॅप काढा. पुलरने, म्हणजे स्विच उपटायच्या चिमट्याने, स्विचच्या वरच्या आणि खालच्या खाचा दाबून सरळ वर ओढा. आता जे बटण कधीच लागत नाही, स्क्रोल लॉक किंवा पॉज, त्याचा स्विच ई च्या जागी बसवा आणि ई चा तिकडे. बसवताना खालच्या दोन्ही तांब्याच्या पिना सरळ आहेत ना, हे उजेडात धरून बघा. जोर लावला की पिन दुमडते आणि मग बटण पूर्णच मेल्यासारखं वाटतं. दुमडली तर चिमट्याने हळू सरळ करा.

परत शंभर मोजा. दुखणं स्विचबरोबर स्क्रोल लॉकवर गेलं तर स्विच बदला, विषय संपला. ते ई च्या जागीच राहिलं तर स्विच नव्हे, त्याखालचं सॉकेट किंवा त्याचा डाग सैल आहे.

नवा स्विच घेताना पिना मोजा. काही स्विचला तीन पाय असतात, काहींना पाच. तीन पायांच्या बोर्डात पाचवाला बसवायचा तर दोन प्लास्टिकचे पाय कापावे लागतात. काही स्वस्त बोर्डांची सॉकेट फक्त आउटेमूच्या बारीक पिनांसाठी असतात, तिथे दुसऱ्या कंपनीचा स्विच दाबून बसवू नका, सॉकेट ढिलं होईल.

हॉट-स्वॅप नसेल तर स्विचच्या दोन पिनांचा डाग काढावा लागतो. सोल्डरिंग गन, सकर आणि हात बसलेला माणूस हवा. टीव्ही दुरुस्त करणारे हे सहज करतात, त्यांना फक्त दाखवून द्या की कोणता स्विच काढून कुठे लावायचा.

एक खूण लक्षात ठेवा. एकच बटण नव्हे, तर एका रेषेतली तीन-चार बटणं एकदम बिघडली, तर स्विचना हात लावू नका. बटणं आत उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत जोडलेली असतात. पूर्ण रेषा गेली म्हणजे तार तुटली किंवा चहा आत गेला.

साफसफाई, आणि काय वापरायचं नाही

मधल्या उन्हाळ्यात मी कीबोर्ड एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने सगळ्या बटणांत तेलकट स्प्रे मारला. महिनाभर कीबोर्ड लोण्यासारखा चालला. मग त्या तेलावर धूळ बसली आणि आधी दोन बटणं बिघडली होती ती सात झाली. दोष त्याच्या हेतूत नव्हता, गंजलेल्या बिजागरीला जो उपाय चालतो तो इथे चालत नाही, एवढंच. मशीनचं तेल, खोबरेल, गंज सोडवणारे स्प्रे, यातलं काहीही स्विचमध्ये घालू नका. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर मुळीच नको, एबीएसचं प्लास्टिक त्यात विरघळतं. घरात उरलेला सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, ते आतच राहतं.

लागतं ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात. मला ते गोलाणी मार्केटमध्ये छोट्या बाटलीत मिळालं. वायर काढून, कीकॅप काढून, खिडकी उघडी ठेवून, आसपास शेगडी किंवा उदबत्ती नाही हे बघून काम करा, कारण ते पेट घेतं. काडीने दांडा खाली दाबून धरा, बाजूच्या फटीत ड्रॉपरने दोन-तीन थेंब सोडा, आणि दांडा शंभर वेळा वरखाली करा. थोडं थांबून परत एकदा. मग कीबोर्ड पालथा ठेवा. अल्कोहोल लवकर उडतं, पण मी रात्रभर तसाच ठेवतो. कंपनीने आत लावलेलं वंगण यात थोडं धुऊन जातं, बटण किंचित खरखरीत लागतं. ते चालवून घ्यावं.

ई चा आकडा ११४ वरून १०१ वर आला. डब्ल्यू मात्र १०४ वर अडकलं, त्याचा स्विच बदलावा लागला.

फर्मवेअरमधलं औषध

कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्स किंवा प्रतिसाद वेळ अशी सेटिंग असेल तर ती बघा. गेमसाठी विकताना ही वेळ कमीत कमी ठेवायची चढाओढ असते, कारण तेवढाच दाब लवकर पोचतो. नव्या स्विचवर ते शोभतं. दोन उन्हाळे काढलेल्या स्विचवर ती ८ किंवा १० मिलिसेकंद करा. लिहिणाऱ्याला फरक कळणारसुद्धा नाही. भाच्याला कळेल असं तो म्हणतो, मी त्यावर वाद घातला नाही. पण हे पांघरूण आहे. आतला थर वाढतच राहतो आणि सहा महिन्यांनी १० मिलिसेकंदही कमी पडतात.

विंडोजमध्ये फिल्टर कीजखाली बाउन्स कीज आहे, तेही पाहिलं. माझ्या विंडोज १० मध्ये त्याची सगळ्यात कमी वेळ अर्धा सेकंद आहे. तेवढ्यात 'ममता' लिहिताना दुसरा म गिळला जाईल. हात थरथरणाऱ्या माणसासाठी ती सोय आहे, आपल्यासाठी नाही.

मग दर उन्हाळ्यातच का?

इथपर्यंत केलं तर कीबोर्ड चालू होतो. पण मला खात होतं ते हे, की मार्चपर्यंत बिनतक्रार चालणारी बटणं मे महिन्यातच का जातात. उष्णतेने म्हणावं तर जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला तरी स्विचला ते तापमान सोसतं.

उत्तर कीकॅपवर होतं. कीकॅप काळे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात कीबोर्ड तिरका धरला तेव्हा डाव्या अर्ध्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले, उजव्या भागावर जवळजवळ नाहीतच. ओल्या फडक्याने गेले नाहीत. लिंबाच्या पाण्याने गेले. म्हणजे क्षार.

माझ्या टेबलाच्या डावीकडच्या खिडकीत कूलर आहे. त्यात बोअरचं पाणी भरतो. त्या पाण्याने गवतावर पांढरा कडक थर बसतो हे कूलर वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. गवत थकलं किंवा पंप जोरात सुटला की कूलर वाऱ्याबरोबर बारीक थेंब फेकतो. थेंब वाळतो, क्षार राहतो. वर उन्हाळ्याच्या वावटळीची माती.

तरी मला शंका होती की ई आणि डब्ल्यू ही जास्त वापराची बटणं, झिजली असतील. म्हणून उजवीकडची जे आणि के मोजली. इनस्क्रिप्टमध्ये र आणि क तिथे आहेत, मराठीत तेही सतत लागतात. दोन्ही १०१. झीज कारण असती तर ती दोन्ही हातांना सारखी असती. काढून टाकलेला डब्ल्यूचा स्विच मी उघडला, वरच्या झाकणाच्या चार खिट्या सुटल्या की तो उघडतो, आणि भिंगातून पट्टी पाहिली. जिथे टेकायचं तिथेच कडेला पांढरट हिरवा कण चिकटला होता. तांब्यावर ओल आणि क्षार बसल्यावर जो रंग येतो तोच.

टेबल फिरवलं. कूलर आता पाठीमागून येतो. कीबोर्ड वापरात नसताना त्यावर सुती रुमाल असतो. प्लास्टिकचं कव्हर मी मुद्दाम टाळलं, कारण त्याखाली ओल कोंडते. कूलरचं गवत हंगामाच्या सुरुवातीला बदललं आणि पंपाची धार कमी केली. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाची तूस येते. ती स्पेस आणि एंटरच्या तारेत गुंतते, तिला ब्रश पुरतो.

कीबोर्ड क्षणभर बंद पडतो ते

हे वेगळं दुखणं आहे, पण उन्हाळ्यात हातात हात घालून येतं. कूलरचा पंप किंवा बोअरची मोटर चालू झाली की दिवे विझतात, विंडोजचा 'टुंग' आवाज येतो आणि एका सेकंदाने कीबोर्ड परत जिवंत. स्विचचा इथे संबंध नाही.

आधी कीबोर्ड कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतल्या बारीक लांब वायरने जोडलेले असतात. हब असेल तर तो काढा. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो. हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि रंगीत दिव्यांचा कीबोर्ड एकत्र आले की ते अपुरं पडू शकतं. दिवे बंद करून दोन दिवस बघा, फरक पडला तर कारण सापडलं. वायर निघणारी असेल तर दुसरी लावून बघा, मात्र ती डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगच्या वायरवर दिवे लागतात आणि अक्षर येत नाही.

यातूनही नाही सुटलं तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर अर्थिंग नाही असं समजा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते. माझ्या खोलीत हेच निघालं. हे काम इलेक्ट्रिशियनचंच आहे. कॉम्प्युटर आणि कूलर एकाच एक्स्टेंशनवर ठेवू नका. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं की थोडा वेळ न वापरल्यावर कीबोर्ड झोपी जाण्याचा प्रकारही थांबतो.

बिघाड वाटतो पण नसतो

विंडोजचं बटण चालत नसेल तर गेम मोडचं कुलूप लागलंय, बहुधा एफएन आणि विंडोज एकत्र दाबल्यावर सुटतं. डब्ल्यू-ए-एस-डी ही बटणं बाणांच्या बटणांसारखी चालत असतील तर एफएन आणि डब्ल्यूने अदलाबदल झालीय. कंपनीगणिक जोडी बदलते, खोक्यातला कागद बघा.

जुन्या मशिनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, कीबोर्ड ओळखला जात नसेल तर तो सगळी बटणं एकदम पाठवण्याच्या मोडमध्ये असू शकतो. बायोसला सहा बटणांपुरता जुना साधा साचाच कळतो. एफएनची जोडी दाबून सहावर आणा.

दुरुस्तीला देताना कीबोर्डच्या पाठीवर मी चिठ्ठी चिकटवतो. भाच्याचा मागच्या आठवड्यात गेला त्यावरची अशी होती: 'बटण एस. शंभर दाबांत १०९. फोनवरही तेच. हॉट-स्वॅप नाही. स्क्रोल लॉकचा स्विच काढून एसला लावणे. तेल, स्प्रे मारू नये.'